न बदलणारी क्रियापदं

बोट्यानं म्हातारीला हाणलं तेव्हा वर्गात कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मॅडम फक्त "गुड" म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे खडू रोखून म्हणाल्या, "नेक्स्ट." पुढच्या बाकावर बेकरीवाला होता. तो उठला, त्यानं स्वतःचं पोट आत घेतलं आणि म्हातारीचं फाडलं. तेही गुड निघालं. शेजारच्या नर्सबाईंनी म्हातारीच्या डोक्याची दोन शकलं केली, खिडकीजवळच्या निवृत्त कारकुनानं उरलंसुरलं गोणीत भरलं, आणि तास संपला. गोष्टीच्या सुरुवातीला ती बिचारी नुसती छत्री विकत घ्यायला निघाली होती. खाली उतरताना जिन्यात बेकरीवाला म्हणाला, "आज म्हातारी लवकर उरकली," आणि सगळे हसले. बोट्याही हसला. पण गादीच्या दुकानासमोर येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं की आपला उजवा हात गरम झालाय. ताप आल्यासारखा नव्हे, कुणालातरी खरंच मारून आल्यासारखा. तळहात चुरचुरत होता. त्यानं तो पँटला पुसला, मग खिशात घातला, मग खिशात तो एकटा काय करत असेल या विचारानं बाहेर काढला.

यात क्लासची काही चूक नव्हती, असं म्हणतात तरी. गादीच्या दुकानावरच्या त्या खोलीत मॅडम मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवत. पूर्वी त्या विमानतळावर घोषणा करायच्या, त्यामुळे त्यांचा आवाज कायम एकाच तापमानाला असे. 'म्हातारी मेली' हे वाक्य त्या असं उच्चारत की ऐकणाऱ्यानं सामान उचलून दुसऱ्या गेटकडे चालायला लागावं. भूतकाळ पक्का व्हावा म्हणून त्या साखळीची गोष्ट सांगायला लावत. प्रत्येकानं एक वाक्य जोडायचं, आणि ज्याचं क्रियापद चुकेल त्यानं तास संपेपर्यंत उभं राहायचं. ज्यांना घरी नातवंडं आहेत अशा माणसांना उभं राहणं फार लागतं. कधीतरी कुणालातरी शोध लागला की इंग्रजीत काही क्रियापदं काल होती तशीच आजही असतात. हिट, कट, हर्ट, शट, स्प्लिट, बर्स्ट, पुट. ही वापरली की चुकायची भीती नाही. अडचण एवढीच की त्यांनी कुणाचं भलं करता येत नाही. नर्सबाई एकदा भाबडेपणानं, पोरानं आइस्क्रीम खाल्लं, असं सांगायला गेल्या, 'ईटेड' म्हणाल्या आणि तासभर उभ्या राहिल्या. पुढच्या वेळी त्यांनी आइस्क्रीमवाल्यालाच कापला. तेव्हापासून त्या खोलीत पोस्टमन, टॅक्सीवाले, दोन वऱ्हाडं आणि एक अख्खी शाळा बळी पडली होती. मॅडम फक्त क्रियापदं तपासत. कोण मेलं हा त्यांचा विषय नव्हता.

पण आजची म्हातारी वेगळी होती, आणि ती वेगळी आहे हे फक्त बोट्याला ठाऊक होतं. बोट्याच्या आधीच्या माणसानं तिला खुर्चीत बसवलं होतं. खुर्ची आली आणि बोट्याला तिचा वेताचा उसवलेला कोपरा दिसला, वरची फळी दिसली, फळीवरचा पत्र्याचा डबा दिसला. आपली पाळी आली तेव्हा तो ते वाक्य विचार करून बोललाच नाही. जिभेनं परस्पर उरकून टाकलं. आय हिट द ओल्ड वुमन. इतकं गुळगुळीत वाक्य त्याच्या तोंडून मराठीतसुद्धा कधी निघालं नव्हतं.

बोट्या लिफ्टवाला होता, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट वाकत नाहीत, म्हणून बोट्या. लिफ्टचं दार वाटेत काही आलं की आपसूक मागे जायला हवं, आणि ते जातं की नाही हे तपासायला कंपनीनं लाकडी ठोकळा दिलेला. बोट्या ठोकळा पेटीतच ठेवायचा आणि बंद होणाऱ्या दारात स्वतःचा डावा हात घालायचा. दार येई, हाताला टेकून क्षणभर विचार करी आणि मागे जाई. त्याचा जोडीदार दर वेळी तोंड फिरवायचा. "ठोकळा काय उशाला घेतोस?" तो विचारी. "ठोकळ्याला लागलेलं कळत नाही," बोट्या म्हणे. हे उत्तर त्याला स्वतःलाही पटलेलं नव्हतं. दार टेकतं आणि मागे जातं, यामधला तो क्षण त्याला हवा असे. दारानं ठरवावं आणि नको म्हणावं. दिवसभर दारं त्याला नको म्हणत आणि संध्याकाळपर्यंत त्याला बरं वाटू लागे. आता कंपनी त्याला इन्स्पेक्टर करायला तयार होती. फक्त पडद्यावरच्या परदेशी साहेबाला एखादा अपघात पहिल्यापासून शेवटपर्यंत इंग्रजीत सांगून दाखवायचा होता. काय झालं, आधी काय झालं, कुणामुळे झालं. त्यासाठी हा क्लास. अपघात त्याला कितीतरी माहीत होते. पण साहेब 'कुणामुळे' विचारतो हे कळल्यापासून त्यातला एकही त्याला सांगावासा वाटत नव्हता.

घराचं दार ढकललं तर ताई खुर्चीत बसलेली. तिच्या डोळ्यांचं शिवणकामात व्हायचं ते झालं होतं. आता तिला माणसं दिसत नसत, हालचाली दिसत. उजेडाच्या बाजूनं काहीतरी सरकलं की तिची मान तिकडे वळे. डोळे गेले, तिनं मशीन विकलं आणि ती पाठच्या भावाकडे राहायला आली. दुसरं कुणी नव्हतंच.

"आलास? काय शिकवलं आज त्या बाईनं?"

"म्हातारीला मारलं."

"कुठल्या?"

"गोष्टीतल्या."

"मग ठीक. पैसे देऊन मारता होय रे? मी तुला फुकट मारायची."

ती हसली. पुढचे दात नसल्यामुळे तिचं हसणं शिट्टीसारखं यायचं. बोट्यानं चहा टाकला. मग त्यानं ते केलं, जे तो रोज करत असे. तो खुर्चीजवळ गेला, तिच्या डोक्यावरच्या फळीकडे उजवा हात उंच उचलला, आणि डबा काढला. हात वर जाताना ताईचे खांदे कानांपर्यंत उचलले गेले, मान आत गेली, डोळे घट्ट मिटले गेले. डबा खाली आला तसे खांदेही खाली आले. त्यानं डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं. मग पुन्हा हात वर नेऊन डबा जागेवर ठेवला. पुन्हा खांदे. पुन्हा मान. चहा गाळताना त्याच्या अंगातून एक गोड कळ सरकत गेली, आणि तिच्यामागून ओकारी.

पहिल्यांदा हे खरंच चुकून झालं होतं. ती राहायला आली त्या आठवड्यात तो साखर शोधत होता. हात वर गेला आणि ती आक्रसली. एवढी मोठी बाई, जिच्या पावलांचा आवाज जिन्यात आला की त्याला लघवी व्हायची, ती शिंप्याच्या कापडासारखी घडी होऊन खुर्चीत बसली होती. तो थिजला. मग त्याला आत कुठेतरी फार खोल कुणीतरी टाळी वाजवल्याचं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी साखर सापडली होती, तरी त्यानं डबा काढला. डब्यात काही नव्हतं. पूर्वी त्यात बटणं असत.

ताई शाळांचे गणवेश शिवायची. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा ती स्वतः जेमतेम शाळेतून सुटलेली आणि तो अजून चड्डीत. तिनं त्याला वाढवलं, यात कुणीच खोट काढली नसती. त्याला कधी उपाशी ठेवलं नाही, फाटकं घालू दिलं नाही, आणि एकही दिवस न मारता झोपू दिलं नाही. हाताला लागेल ते. शिवणाची लाकडी पट्टी, लोखंडी पट्टी, इस्त्रीची गुंडाळलेली वायर, एकदा तर अर्धा शिवलेला कोट, ज्याची बटणं गालावर गोल गोल उठली. लोखंडी पट्टीवरचे आकडे कोरलेले होते, त्यामुळे ते पाठीवर उमटत. शाळेतली पोरं त्याचा शर्ट वर करून वाचायची. "आज नऊ इंच," असं ओरडायची, आणि तोही मान वळवून विचारायचा, "अर्धा आहे का पुढे?" मारताना ती रडायची, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. म्हणजे त्याला धड रडताही येत नसे. ते काम आधीच कुणीतरी घेतलेलं असे. मग ती त्याच्या पाठीला तेल लावी, त्याच बोटांनी. आजही तेलाचा वास आला की त्याची पाठ ताठ होते, आणि त्याच वेळी त्याला गाढ झोप येते.

आणि मग ते दार. शाळेच्या बँडपथकाचे कोट शिवायला आले होते, पितळी बटणांचे. त्यानं डब्यातली बटणं उचलली आणि गल्लीतल्या पोरांबरोबर खेळून हरला. एकेक करत सगळी हरला. शेवटची हरताना त्याला माहीत होतं की हे थांबवायला हवं, तरी त्यानं ती मांडली. कोट दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. तिनं डबा उघडला, आणि डब्यातून काहीच आवाज आला नाही. तो बाहेर पळत सुटला, पण चप्पल आत राहिली होती, म्हणून वळला, आणि वळताना त्यानं चौकट धरली. एवढंच. चौकट धरली. दार आलं. आधी आवाज आला, सुक्या काटकीसारखा, आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही. त्याला आठवतं की तो दाराच्या फटीकडे अगदी कुतूहलानं बघत होता. ही बोटं कुणाची, असं. ती त्याला खांद्यावर टाकून अनवाणी डॉक्टरकडे धावली, आणि धावता धावता, ओरडू नकोस म्हणून, पाठीत गुद्दे घालत होती. डॉक्टरनं विचारलं, "काय झालं?" ताई म्हणाली, "दार लागलं." "कुणी लावलं?" "वाऱ्यानं." डॉक्टरनं पोराकडे पाहिलं. "काय रे?" तो म्हणाला, "वाऱ्यानं." त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं. पण तेव्हापासून ते वाऱ्यानंच केलं. शाळेत, नोकरीच्या तपासणीत, जो कुणी विचारेल त्याला. इतकी वर्षं दोघांनी मिळून तो वारा पोसला होता, आणि त्याला कधी काही कमी पडू दिलं नव्हतं.

चहाचा कप तिच्या हातात देताना तो म्हणाला, "ताई, गृहपाठ आहे. स्वतःच्या आयुष्यातली एक खरी गोष्ट घरी कुणालातरी इंग्रजीत सांगायची. ऐकणाऱ्याला समजलं नाही तरी चालतं. त्यानं फक्त हूं हूं करायचं."

"एवढंच ना? कर सुरू. मला दुसरं काय काम आहे, तुझा तो डोंबारखेळ बघण्यापलीकडे?"

कुठला खेळ, हे त्यानं विचारलं नाही. तो तिच्यासमोर स्टुलावर बसला. बाहेर अजून उजेड होता, आणि तो तिच्या चेहऱ्यावर पडला होता. एका बुबुळावर दुधाची साय, दुसऱ्यावर नुसतंच धुकं. तिला काही कळणार नाही, या विचारानं त्याच्या छातीत मोठी जागा झाली. एखाद्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच्यासमोर उभं राहावं तसं. इतकी वर्षं ज्या गोष्टीला मराठीत दात फुटले होते, ती इंग्रजीत बोळकी वाटत होती. तो सांगू लागला. आय वॉज अ बॉय.

"हूं," ताई म्हणाली.

आय लॉस्ट द बटन्स.

"हूं."

माय सिस्टर हिट मी.

हूं आलं नाही. तो थांबला, मग पुढे गेला. कारण आता ते उतारावरून सुटल्यासारखं झालं होतं. क्लासमधल्या सगळ्या म्हाताऱ्या, सगळे पोस्टमन आणि वऱ्हाडं त्याच्यामागून ढकलत होती. शी हिट मी विथ स्केल. शी हिट मी विथ वायर. एव्हरी डे. आवाज मॅडमसारखा एकाच तापमानाला ठेवायचा, असं त्यानं ठरवलं होतं, पण तो वर चढत गेला. आय पुट माय हँड ऑन द डोअर. माय सिस्टर शट द डोअर. फिंगर. ब्लड. पुढे तर वाक्यही उरलं नाही, नुसते शब्द ताडताड पडू लागले. हॉस्पिटल, डॉक्टर, ब्लड, डोअर, सिस्टर, सिस्टर, सिस्टर. त्याची थुंकी तिच्या गालावर उडाली. तिनं ती पुसली नाही. त्याच्या उजव्या हाताची मूठ झाली होती, आणि ती त्याच्या गुडघ्यावर एका लयीत आपटत होती. ती आपली आहे हे त्याला आवाजावरून कळलं.

ताईनं कप चाचपडत खाली ठेवला.

"आणि वारा?"

त्यानं मूठ उघडली.

"वारा कुठे गेला रे? इंग्रजीत वारा नसतो?"

"तुला कळलं?"

"बटन, स्केल, वायर, सिस्टर, डोअर, डॉक्टर. यात न कळायला काय आहे? हे सगळं तर आपल्याच घरातलं." ती पुन्हा शिट्टीसारखं हसायला गेली, पण हसू मध्येच अडलं. "मूर्खा, चोरून सांगायचं तर जरा लांबची भाषा तरी शोधायचीस."

मग ती उठली. खुर्चीचा हात, टेबलाची कड, भिंत, असं चाचपत दारापाशी गेली. दार ओढून अर्धं लोटलं, आणि बिजागरीच्या उलट्या बाजूला, जिथे दार चौकटीला भिडतं, तिथे डावा हात ठेवला. बोटं नीट पसरून ठेवली. हातमोज्याचं माप द्यावं तशी.

"लाव."

"ताई, काय वेडेपणा..."

"लाव म्हणते ना. फिट्टंफाट करून टाक एकदाचं. पण रोज उठून माझ्या डोक्यावरून तो रिकामा डबा काढू नकोस."

तो म्हणाला, "त्यात..."

"त्यात काही नाही, माहितेय मला. बटणांचा डबा माझा होता, बोट्या. त्यात एक बटण जरी असतं तरी मला ऐकू आलं असतं." तिचा आवाज आता खाली आला होता. तिच्या मानानं हा आवाज इतका खालचा होता की तो दुसऱ्या कुणाचा वाटत होता. "आलास की कधी काढतोस याची वाट बघते. काढलास की वाटतं, आज नाही. मग ठेवतोस. मग वाटतं, उद्या. मी तरी एका झटक्यात मोकळी व्हायची रे. तू माझ्यापेक्षा वाईट मारतोस."

तो उठला. दारापाशी गेला. दाराची कड त्याच्या उजव्या तळहातात आली, आणि क्लासपासून चुरचुरणारा तळहात शांत झाला, जणू संध्याकाळपासून तो हेच मागत होता. जड, फुगलेलं, जुनं दार. याला ना सेन्सर, ना स्प्रिंग, ना नको म्हणण्याची कुठली सोय. लिफ्टच्या दारानं कुठे थांबायला हवं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. या दाराला ते कुणी शिकवलं नव्हतं. ताईच्या हातावरच्या शिरा निळ्या, बोटांच्या टोकांना सुया टोचल्याचे जुने काळे ठिपके. तिनं डोळे मिटले नव्हते. खांदे वर गेले नव्हते. पहिल्यांदाच. आणि ते वर गेले नाहीत, याचाच त्याला सगळ्यात जास्त संताप आला. ही घाबरतसुद्धा स्वतःच्या मर्जीनं. त्याला वाटलं, आपण दार सोडणार. त्याला अगदी नक्की वाटलं, आपण दार सोडून तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवणार. असा विचार करत असतानाच त्यानं सगळ्या अंगाचा जोर लावून दार लोटलं.

दार आलं. वाटेत काही आलं.

आवाज झाला, पण काटकीचा नव्हे. ओल्या लाकडावर ओलं लाकूड आपटावं तसा. दार थांबलं. बोट्यानं खाली पाहिलं तर फटीत आधीच एक हात होता. ताईच्या हातावर पालथा पडलेला, दोन बोटं ताठ असलेला, त्याचा स्वतःचा. तो तिथे कधी गेला हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. बंद होणारं दार दिसलं आणि हात आपला कामावर गेला. मग कळ आली. ती खांद्यापर्यंत चढली, दातांत शिरली, डोळ्यांतून पाणी होऊन बाहेर पडली. त्याच्या करंगळीच्या नखाखालून रक्त निघून ताईच्या बोटांवर उतरलं, आणि तिथून चौकटीवर.

"लागलं?" ताईनं विचारलं.

"तुला?"

"मध्ये तुझा हात आहे." ती तो हात उरलेल्या हातानं चाचपून बघत होती, माप घेतल्यासारखी, एकेक बोट. करंगळीपाशी आली तेव्हा तिची बोटं ओली झाली आणि थांबली. "गाढवा," ती म्हणाली, "पुन्हा तेच बोट?" आणि तिनं मोकळ्या हातानं त्याच्या गालावर फाडकन लगावली. बरोबर गालावर. इतकं कमी दिसत असूनही तिचा नेम चुकला नव्हता. मग तोच हात गालावर तसाच राहिला. तो काढायचं तिला सुचलं नाही, आणि त्यालाही नाही.

दोघं दारात उभी होती. दार ओढलं की हात सुटणार होते, पण त्यासाठी कुणीतरी हलायला हवं होतं. जिन्यातून कुणीतरी वर येत होतं, शेजारचा असावा. त्यानं दाराबाहेर आलेली बोटं पाहिली असतील, ती कुणाची किती हे मोजलं असेल, आणि पावलं जरा घाईनं पुढे गेली.

"आता हे सांगशील का क्लासात?" ताई म्हणाली.

"काय माहीत."

"सांग. ती बाई उभं करेल नाहीतर." थोड्या वेळानं ती म्हणाली, "आणि त्या तुझ्या साहेबाला? कुणी केलं म्हणून विचारेल तो."

"विचारणारच."

"मग? कसं सांगशील? मला म्हणून दाखव."

बोट्यानं श्वास घेतला. तो घेताना बोटांत कळ आली आणि सोडतानाही आली. दाराच्या फटीतून बाहेरची हवा येत होती. अगदी थोडी, गालावरच्या तिच्या हाताच्या कडेनं. त्या हवेबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

"आय शट द डोअर," तो म्हणाला.

"हूं," ताई म्हणाली. "मग?"